नदी कोणत्या हाताला

पहिल्या दिवशी त्यांना नदी सापडलीच नाही.

एवढं मोठं शहर, त्यातली एवढी मोठी नदी, आणि ती आपल्याला सापडू नये म्हणजे आपण किती वेंधळे, असं धाकटीला, घरच्या धाकट्या सुनेला, वाटलं. चालले तर ते कागदाबरहुकूम होते. स्टेशनाबाहेर यायचं, घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाठ करायची, रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे उजव्या हाताला वळायचं. वळले. पुढे नदीऐवजी गोदामं लागली. सुट्टीमुळे सगळी बंद, भिंती लांबच लांब, आणि त्या भिंतींवर सकाळचं ऊन असं अंग टाकून पडलेलं की दोघं आपोआप हळू बोलायला लागले. एका खिडकीत मांजर झोपलं होतं. पुढे रस्ता विटांच्या एका भिंतीला जाऊन टेकला आणि संपला.

"बाबांनी इथे नदी काढलीय," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला.

"पलीकडे असेल."

पलीकडे कोळशाचा ढीग होता.

तसे ते आले होते फिरायलाच. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण दोघं मिळून कुठे म्हणून गेले नव्हते. कापडावर नक्षी छापायचे लाकडी ठसे करणारं घर. बाहेरच्या जगाला सुट्टी लागली की या घरात जुने ठसे धुवायचे, वाळवायचे, तेल पाजायचं, असा तीन पिढ्यांचा शिरस्ता. यंदा धाकटी शिकवते त्या बालवाडीला चार दिवस सुट्टी लागली आणि जाऊबाईंनी कंबर कसली. ठशांना तेल पाजायला मी खंबीर आहे, म्हणाल्या, तुम्ही दोघं निघा, नाहीतर तुम्हालाही ठशांसारखं भोकं पडेपर्यंत किडे खातील.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. धाकटीच्या पिशवीत त्यांनी घडी केलेला एक कागद सरकवला, आणि सुनेच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "फिरा पोटभर. पण एक तेवढं बघून ये. हे होते का तिथे?"

हे म्हणजे सासरे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, धाकटा, म्हणजे तिचा नवरा, पोटात असताना, ते एक अख्खं वर्ष घरी नव्हते. शहरात कापडाच्या कारखान्यात ठसे कोरत होतो, असं परत आल्यावर त्यांनी सांगितलं. पण थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि दुकानासमोर माल उतरवणाऱ्या एका ड्रायव्हरला त्याने आपल्या कानांनी ऐकलं होतं: तुमचा कारागीर शहरात कसला, तो तर अमक्या गावी दुसरं बिऱ्हाड थाटून बसलाय. त्या दिवसापासून थोरला बापाशी कामापुरतं बोलला. पुढे तो उत्तम कारागीर झाला, हाताने आणि जिभेनेही. बाजारात त्याला धारेवरून पटाशी म्हणत. बापलेक तीस वर्षं समोरासमोर बसून कोरत राहिले. मध्ये लाकडाचा भुसा पडायचा, शब्द पडायचा नाही.

हा कागद सासऱ्यांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात सापडला. वीतभर चौकोनी, घड्यांवर विरलेला. मधोमध मोठं वाटोळं, आणि त्या वाटोळ्यात शहर: घड्याळाचा मनोरा, दोन फाटे, नदी, तीन कमानींचा पूल, गोल बाग, मग पायऱ्याच पायऱ्या. अक्षर एकही नाही. पुलावर दोन माणसं, तिळाएवढी. एक पुरुष, एक बाई. बाईच्या उजव्या हातात पिशवी.

घरातला सगळा तंटा त्या तिळाएवढ्या बाईपाशी येऊन थांबला होता.

"आई डावखुरी आहे," थोरल्याने कागद सगळ्यांसमोर आपटून म्हटलं होतं. "कप डाव्या हातात, केरसुणी डाव्या हातात, ठसा डाव्या हातात, माझ्या पाठीतले धपाटे डाव्या हाताचे. बाबांना ठाऊक नव्हतं? पिशवी बघा कुठल्या हातात आहे ती. ही आई नाही." आणि तो कागद शेगडीत घालायला निघाला, तेव्हा सासूबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्या दिवसापासून कागद त्यांच्या उशीखाली होता, आणि सकाळी उशी उचलताना धाकटीला त्याच्या घड्या रोज थोड्या जास्त विरलेल्या दिसत.

संध्याकाळी लॉजच्या काउंटरवरून घरी फोन लावला. तिकडे फोन दुकानात, आणि रिसीव्हर कायम थोरल्याच्या हातात. बाकीचे भोवती उभे राहून ऐकत, हे इकडे बसूनही कळायचं. धाकटीने नदी सापडली नसल्याचं सांगितलं. थोरला हसला नाही, हे त्याचं हसण्याहून वाईट असे.

"नसलेल्या गोष्टी सापडत नसतात, धाकटे," तो म्हणाला.

नवऱ्याने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि दादाला दोन शब्द सुनावले, की मेलेल्या माणसाच्या मागे असं बोलू नये. मागून जाऊबाईंचा आवाज आला, त्याही दिराच्या बाजूने दोन शब्द बोलत होत्या. धाकटीला बरं वाटलं. एका दिवसापुरतं का होईना, थोरला सोडून सगळं घर सासऱ्यांच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोळसा बघायला गेले नाहीत. लोकांना विचारत विचारत, ट्राममध्ये बसून नदीवर पोचले. नदी रुंद होती आणि तिला घाई नव्हती. पाण्यावर धूसर उजेड तरंगत होता, होड्या त्यातून अशा सरकत होत्या जशा झोपेत कूस बदलताना आठवणी सरकतात. तीन कमानींचा पूलही सापडला. नवऱ्याचा चेहरा उजळला. पण कागदावर पूल ओलांडला की बाग डाव्या हाताला होती, आणि डाव्या हाताला होती दोरखंडांची दुकानं, एकाला लागून एक, शेवटपर्यंत. बाग तर सोडाच, कुंडीही नव्हती.

पुलाच्या कोपऱ्यावर एक माणूस चित्रांची कार्डं विकत होता. त्यातल्या निम्म्या कार्डांवर हाच पूल.

नवरा बराच वेळ ती कार्डं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पूल काय, कुणीही कार्डावर बघून काढेल."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मनचं." तो कठड्याला रेलला. "मी बाबांच्या मांडीवर वाढलो. दादाला ते नकोसे होते म्हणून मला दुप्पट मिळाले. पण आता वाटतं, दादाला नऊ वर्षांच्या डोळ्यांनी दिसलं ते मला चाळिशीत दिसतंय."

त्या संध्याकाळी फोनवर त्याने दादाला तेच सांगितलं, आणि दोघे भाऊ कधी नव्हे ते एका सुरात बोलले. जाऊबाई गप्प होत्या; त्यांचं मौन वाऱ्याच्या दिशेने वळतं हे धाकटीला माहीत होतं. सासूबाईंना फोन द्या म्हटलं, तर त्या म्हणे भाजी चिरत होत्या. काय चिरत होत्या कोण जाणे; त्या घरात भाजी जाऊबाई चिरतात.

म्हणजे आता सासऱ्यांच्या बाजूने एकटी ती उरली. सून. तीही पुराव्याशिवाय. दोन दिवसांनी घरी जाऊन त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत बघून 'नव्हते' म्हणायचं, की खोटं बोलायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी कागद पिशवीतून काढायचाच नाही, असं दोघांनी ठरवलं. शहर बघायला आलोय तर बघू. बोटीत बसले. बोट पुलांच्या सावल्यांखालून जात राहिली, दर सावलीत गारवा, दर सावलीनंतर ऊन. धाकटीने डोकं नवऱ्याच्या खांद्यावर ठेवलं, आणि किनाऱ्यावरची घरं एकामागून एक मागे जाताना तिला वाटलं की आपण स्थिर आहोत आणि शहरच कुणीतरी हळूच ओढून नेतंय, मुलं दोरीने खोटी गाडी ओढतात तसं. बोटीने त्यांना तीन कमानींच्या पुलापलीकडच्या धक्क्यावर सोडलं. पाय नेतील तिकडे गेले. सावली दिसली म्हणून एका बागेत शिरले आणि बाकावर बसले.

समोर गवतावर सुट्टीतल्या कवायतीला आणलेली, एका बालवाडीतली चार-पाच वर्षांची वीसेक मुलं ओळीत उभी होती. त्यांची बाई फार तर बावीस वर्षांची असेल, नोकरीला नवीन, घामाघूम झालेली. ती मुलांकडे तोंड करून उजवा हात वर करायची आणि म्हणायची, उजवा हात वर. मुलं तिच्याकडे बघून डावा हात वर करायची. ती म्हणायची, डावा नाही, उजवा. मग निम्मी मुलं दोन्ही करायची आणि एक मुलगा बसून घ्यायचा.

धाकटीला राहवलं नाही. तिचीही पहिली दोन वर्षं अशीच गेली होती. ती उठून पुढे गेली आणि त्या मुलीला समजावलं, की मुलांना आपलं ऐकू येत नाही, मुलांना आपण दिसतो. समोर तोंड करून उभं राहिलं की आपला उजवा त्यांच्या डाव्याच्या समोर येतो. म्हणून बाईने आपलं उलटं करायचं, म्हणजे त्यांचं सुलटं होतं. "हे बघ," ती म्हणाली, मुलांसमोर उभी राहिली, मोठ्याने म्हणाली, "उजवा हात वर," आणि स्वतःचा डावा हात वर केला.

वीस उजवे हात वर गेले.

धाकटीचा हात तसाच वर राहिला. मुलं वाट बघत होती, नवी बाई वाट बघत होती. धाकटी त्या वीस हातांकडे बघत होती. मग तिने हळूच मान वळवली. बाग गोल होती. पूल ओलांडून आलो असतो तर ती उजव्या हाताला लागली असती.

ती बाकापाशी परतली, पिशवीतून कागद काढला, उलगडला, आणि पाठीकडून आभाळासमोर धरला. विरलेल्या कागदातून उजेड आरपार आला आणि रेघा मागच्या बाजूने उमटल्या. नदी डाव्या हाताला गेली. बाग उजव्या.

"अहो," ती म्हणाली, "हा नकाशा नाही."

नवऱ्याने कागद तसाच, तिच्या हातांत असतानाच, जवळून बघितला. घरच्या कारखान्यात तो कोरत नसे. कोरलेले ठसे घासायचे आणि त्यांना मुठी बसवायच्या हे त्याचं काम. त्याने एका रेघेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या.

"रेघ कुठेच सुटी नाही," तो हळू म्हणाला. "झाडाचं पान पानाला टेकलंय, पूल पाण्याला टेकलाय. सुटी रेघ लाकडात टिकत नाही, मोडते." तो थांबला. "बाबा कागदावरच उलटं काढायचे. तो कागद फळीवर चिकटवायचे आणि त्यावरूनच कोरायचे. म्हणजे कापडावर सुलट छापलं जातं. हे ठशाचं चित्र आहे."

"आणि तुम्हा एवढ्या जणांपैकी एकालाही दिसलं नाही?"

"आम्ही दिवसभर उलटंच बघतो, बाई." घरात तिला कुणी बाई म्हणत नसे, बालवाडीत म्हणत. "उलट ते आम्हाला सुलट दिसतं. आणि आम्ही छापतो फुलंपानं. फुलाला कुठे डावं-उजवं असतं? शहर कोण छापतं?"

मग त्याची नजर पुलावर गेली आणि तिथेच राहिली. पाठीकडून उजेडात ती तिळाएवढी बाई पुलावरून निघाली होती. पिशवी डाव्या हातात होती.

बालवाडीची मुलं आता डावा हात वर करत होती, आणि बरोबर करत होती.

पुढचं चालणं धाकटीला नंतर नीट आठवत नसे. झोपेतून उठल्यावर स्वप्नातला रस्ता आठवावा तेवढंच आठवे. कागद आभाळासमोर धरायचा आणि चालायचं. कागदावर जे येई ते चार पावलांनी समोर येई. बागेचं मागचं फाटक आलं. पायऱ्या आल्या, झिजलेल्या, मधोमध खोलगट, जणू लाखो लोकांनी त्यांच्यावरून उन्हाचं पाणी वाहून नेलं होतं. नवरा पायऱ्या मोजत होता, लहान मुलासारखा, ओठ हलवत. वर एक अरुंद घर होतं. त्याच्या कपाळावर एक गोल खिडकी.

त्या खिडकीच्या खोलीत एक म्हातारी राहत होती. भिंगाखाली टपालतिकिटं लावत बसली होती. तिने त्यांना वर येऊ दिलं, चहा विचारला. चाळीस वर्षांपूर्वीचं तिला ठाऊक नव्हतं. ती इथे अठरा वर्षांपूर्वी आली. एवढं मात्र ऐकलं होतं की पूर्वी या माळ्यावर खालच्या कापडाच्या कारखान्यातले कारागीर राहत. भिंतीला अजून कधी कधी रंगाचा वास येतो, म्हणाली, दमट हवा असली की. सासऱ्यांचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणाला आठवत नव्हतं.

पण खिडकी होती. धाकटी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिला वाटोळं दिसलं, आणि वाटोळ्यात शहर. घड्याळाचा मनोरा, फाटे, नदी, बाग. कागदावर कुणी मनचं काही काढलं नव्हतं. खाली पुलावरून माणसं चालली होती, तिळाएवढी, जोडीजोडीने. एक माणूस वर्षभर रोज संध्याकाळी काम संपवून या खिडकीशी बसला असेल. खाली जाणाऱ्या जोड्या बघत. आणि त्यातल्या एका जोडीतल्या बाईच्या डाव्या हातात पिशवी देत.

संध्याकाळी फोन थोरल्यानेच उचलला. धाकटीने त्याला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. बागेतल्या मुलांपासून खिडकीपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं, बालवाडीत गोष्ट सांगतात तसं, एक वाक्य संपलं की दुसरं. पलीकडे भुसा पडावा एवढाही आवाज नव्हता.

"रेघा कशा आहेत?" थोरल्याने शेवटी विचारलं.

नवऱ्याने रिसीव्हरपाशी तोंड नेऊन सांगितलं, "एकही सुटी नाही, दादा."

"पिशवी?"

"डाव्या हातात."

लॉजच्या काउंटरवरचा माणूस सौजन्याने दुसरीकडे बघू लागला. मग थोरला म्हणाला, "त्या ड्रायव्हरला दुसराच कोणी दिसला असेल." हे तो त्यांना सांगत नव्हता. नऊ वर्षांच्या कुणाला तरी सांगत होता. मग रिसीव्हर हातोहात गेल्याची खरखर आली आणि सासूबाई बोलल्या.

"परत आले तेव्हा म्हणाले होते, तुझ्यासाठी एक गंमत आणलीय. अजून कोरायची आहे, पण चित्र दाखवतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मी म्हटलं, तुमची गंमत तुमच्यापाशीच ठेवा. तान्हं पोर मांडीवर होतं, राग डोक्यात होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही नाही."

धाकटी म्हणाली, "आई, दादा कोरतील आता. तुम्ही छापा. आम्ही कागद जपून आणतो."

"छापून काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "कापडावर बघायचं असतं तर तेव्हाच बघितलं असतं. तुमची सुट्टी किती उरली?"

"उद्याचा दिवस."

"पुरे. सकाळच्या गाडीने येते मी. थोरला आणेल." मागे वेळापत्रकाची पानं फडफडू लागली, आणि जाऊबाईंचं ऐकू आलं, की मग ठशांना तेल काय मी एकटीने पाजायचं, आणि लगेच, की थांबा, मीही येते, ठसे कुठे पळून जात नाहीत.

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सतरा वर्षांनी दोघं फिरायला आलो होतो," तो धाकटीला म्हणाला, पण हसत होता.

रिसीव्हर पुन्हा थोरल्याकडे आला होता. तो आवाज खाली करून बोलत होता. एवढ्या हळू आवाजात त्याला बोलता येतं हे धाकटीला आजच कळलं.

"पायऱ्या किती आहेत त्या?"

"एकशे बारा."

"आईचे गुडघे..." तो थांबला. "असू दे. मी उचलून नेईन. तिला आत्ता सांगू नकोस."

"मला ऐकू येतंय," मागून सासूबाई म्हणाल्या. "आधी पूल. पूल मी चालत जाणार आहे."